यादी बदलते, मैदान बदलतं, कळवत कोणी नाही: मेलबर्नच्या एका फूटी क्लबला खुलं पत्र

प्रति,
क्लबचं संचालक मंडळ, महिला संघाचा कारभार पाहणारे पदाधिकारी आणि व्हीएफएलडब्ल्यू या राज्यस्तरीय महिला फूटी स्पर्धेचं वेळापत्रक आखणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात क्लबच्या ॲपवर एक सूचना आली. हंगामाच्या सुरुवातीपासून खेळत असलेल्या काही मुलींची नावं मुख्य यादीतून काढून त्यांना ‘फक्त सरावासाठी’ ठेवलं आहे, असं तीत म्हटलं होतं. त्याच सूचनेत खाली आणखी एक ओळ होती: पुढचा घरचा सामना रविवारी दुपारी नाही, शनिवारी सकाळी साडेनऊला होईल आणि तोही आपल्या मैदानावर नाही. कारण काय, तर ‘कार्यक्रमातील बदलांमुळे’. एवढंच.

काढलेल्या मुलींत माझी लेक नाही. म्हणूनच हे पत्र मी लिहिते आहे. ज्यांच्या मुली गेल्या त्यांनी लिहिलं असतं तर ‘मुलीला घेतलं नाही म्हणून आईबाप चिडलेत’ असं म्हणून तुम्ही ते बाजूला सारलं असतं. माझ्याबाबतीत ती सोय नाही.

पत्राची इंग्रजी प्रत तुमच्याकडे पोचली आहे. मराठीत लिहिते आहे ते आपल्या लोकांसाठी. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत आता कितीतरी मराठी घरांतल्या मुली शनिवारी सकाळी ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीच्या वर्गाला जातात, लाल अंड्यासारखा चेंडू घेऊन घरभर नाचतात. त्यांच्या आईबापांना पुढची वाट कशी आहे ते आधीच कळलेलं बरं. क्लबचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळींतच कळलं असेल, आणि इतरांना आपल्याच क्लबचं वर्णन वाचतोय असं वाटलं तर तसं वाटू द्यावं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे इथली ‘फूटी’, हिवाळ्यात क्रिकेटच्या मैदानावर खेळतात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला की एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं, फेकता मात्र येत नाही. मुठीने मारून द्यावा लागतो. बायकांच्या सामन्यात एका बाजूला सोळा जणी मैदानात असतात. सगळ्यात वरची स्पर्धा एएफएलडब्ल्यू. ती 2017 मध्ये सुरू झाली. कार्ल्टन आणि कॉलिंगवूडचा पहिला सामना बघायला चोवीस हजारांवर लोक आले, मैदान भरलं आणि दारं बंद करावी लागली. आठ संघांनी सुरुवात झाली होती, आज अठरा आहेत. व्हिक्टोरिया राज्यात तिच्या खालची पायरी म्हणजे व्हीएफएलडब्ल्यू. आमच्या मुली या पायरीवर आहेत.

या पायरीवरच्या मुली करतात काय? आमच्या संघात परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, एक इलेक्ट्रिशियनचं काम शिकते आहे, बऱ्याचजणी विद्यापीठात आहेत. दिवसभर काम, संध्याकाळी सराव, घरी यायला रात्र. बहुतेकींना खेळायचे पैसे मिळत नाहीत. कोणाला मिळालेच तर पेट्रोलचा खर्च निघतो. मी स्वतः या संघाच्या जर्सी धुते, मधल्या विश्रांतीत संत्र्याच्या फोडी फिरवते, माणूस कमी पडला तर पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात पळते. पन्नाशीतली बाई चिखलात पळताना बघून लेकीच्या मैत्रिणी हसतात. हसू द्यात. पण या कामामुळे खेळाडूंच्या खोलीत काय चालतं ते मला दिसतं, आणि तुमच्या बैठकीत ते पोचत नाही हेही कळतं.

आता तक्रारी सांगते.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, यादीची. हंगामाच्या आधी मुलींना सांगितलं जातं की तू यादीत आहेस. त्या भरवशावर ती आपल्या गावच्या किंवा उपनगरातल्या क्लबला सांगते की या वर्षी मी तुमच्याकडे अधूनमधूनच येईन. मग एएफएलडब्ल्यूचा पूर्वतयारीचा काळ जवळ येतो आणि वरच्या यादीतल्या खेळाडूंना सामन्याचा सराव हवा म्हणून त्या आमच्या संघात उतरतात. त्यांच्यापाठोपाठ अठरा वर्षांखालच्या टॅलेंट लीगमधल्या मुली येतात, कारण निवड करणाऱ्यांना त्या मोठ्यांत कशा खेळतात ते बघायचं असतं. दोन्ही बाजूंनी माणसं आली की मधल्यांनी उठायचं.

वरच्या खेळाडू खाली येऊन खेळतात याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. मुंबईत भर पावसात कांगा लीग चालते. तिथे कसोटी खेळलेले लोक क्लबच्या पोरांबरोबर चिखलात उतरत आणि त्या पोरांना एका सामन्यात जे शिकायला मिळे ते वर्षभराच्या नेटमध्ये मिळत नसे. माझ्या लेकीनेही एका एएफएलडब्ल्यू खेळाडूशेजारी अर्धा सामना खेळून जेवढं शिकून घेतलं तेवढं सरावात शिकली नव्हती. पण कांगा लीगमधला संघ त्या क्लबचाच राहायचा. कसोटीपटू त्यात येऊन खेळायचा. संघ त्याच्या सोयीसाठी मोडून पुन्हा बांधला जात नसे. इथे उलटं चाललं आहे. कोणती खेळाडू किती मिनिटं, कोणत्या जागी खेळणार हे वरून ठरून येतं. आमची प्रशिक्षक ते कागदावर बसवते. जी मुलगी मार्चपासून ‘रक’च्या जागी, म्हणजे पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी उंच उड्या मारून तो जिंकत होती, ती एका शनिवारी अचानक बचावफळीत उभी असते, कारण तिच्या जागी वरून कोणीतरी आलेली असते. त्या सामन्यात तिच्या हातून दोन गोल गेले की पुढच्या आठवड्यात यादीत ‘फॉर्म नाही’.

यातलीच दुसरी गोष्ट राखीव खेळाडूंची. संघ गुरुवारी रात्री जाहीर होतो. त्यात खाली काही नावं ‘इमर्जन्सी’ म्हणून असतात. त्या मुलींनी सामन्याच्या दिवशी यायचं, अंग गरम करायचं आणि कोणी आजारी पडलं नाही तर जर्सी न घालता बाकावर बसायचं. त्याच वेळी त्यांच्या स्थानिक क्लबचा सामना दुसरीकडे चालू असतो. म्हणजे इथेही नाही आणि तिथेही नाही. स्थानिक लीगमध्ये अंतिम फेऱ्या खेळायच्या तर हंगामात ठरावीक सामने खेळलेले असावे लागतात. इमर्जन्सी म्हणून बसलेले शनिवार त्यात धरत नाहीत. अशी मुलगी ऑगस्टमध्ये आपल्या क्लबच्या फायनलला कुंपणाबाहेर उभी राहते. क्लबच्या बायका तिला विचारतात, ‘तू तर मोठ्या संघात होतीस ना?’ ती काय सांगणार?

आणि अंतिम फेऱ्यांत आमचा संघ पोचला की तिथे कोण खेळणार हेही आधी कधीच सांगितलं जात नाही. एका मुलीने मला विचारलं, की आम्ही जे सामने जिंकून दिले ते कोणासाठी? मी तिला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देणं माझं काम नव्हे. ते तुमचं.

तिसरी तक्रार वेळापत्रकाची. आमचे सामने बऱ्याचदा पुरुषांच्या सामन्याच्या आधी ठेवले जातात, म्हणजे सकाळी. पुरुषांच्या सामन्याची वेळ प्रक्षेपणासाठी किंवा आणखी कशासाठी हलली की आमची आपोआप हलते, आणि कधी मैदानच हातातून जातं. घरचा सामना घरी नाही, हे आम्हाला आठ-दहा दिवस आधी कळतं. इस्पितळातल्या कामाच्या पाळ्या त्याच्या कितीतरी आधी लागलेल्या असतात. पाळी बदलून घ्यायची तर सहकाऱ्याच्या हातापाया पडा, नाहीतर रात्रपाळी करून तशीच गाडीत बसा. शहराच्या पश्चिम टोकाकडून क्रॅनबोर्नच्या केसी फील्ड्सला जायचं म्हणजे गर्दी नसली तरी तासाहून जास्त. सकाळी साडेनऊचा सामना असेल तर अंधारात निघावं लागतं. रात्रभर जागलेल्या मुलीला ओल्या मैदानावर पूर्ण वेगाने वळायला लावायचं, आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं की ‘दुर्दैव’ म्हणायचं! या खेळात बायकांना ही दुखापत पुरुषांपेक्षा जास्त होते हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. 2019 च्या अंतिम सामन्यात ॲडलेडला त्रेपन्न हजार लोकांसमोर ॲडलेडच्या नावाजलेल्या एरिन फिलिप्सचा गुडघा गेला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तिच्या मागे डॉक्टरांची फौज होती. आमच्या मुलीचा गुडघा गेला तर शस्त्रक्रियेची वाट बघायची, जवळपास वर्षभर मैदान नाही, आणि बिनपगारी रजा.

कपडे बदलायच्या खोल्यांबद्दल, पावसाळी रात्री अर्ध्या दिव्यांत होणाऱ्या सरावाबद्दल इथे लिहीत नाही. त्यावर वेगळा अर्ज दिलेला आहे.

चौथी गोष्ट एकट्या आमच्या क्लबची नाही. ती वर्षाच्या आखणीची आहे आणि वेळापत्रकवाल्यांनी ती नीट वाचावी. सुरुवातीला एएफएलडब्ल्यू उन्हाळ्यात असे आणि व्हीएफएलडब्ल्यू त्यानंतर हिवाळ्यात. वरचा हंगाम संपला की खेळाडू खाली येत, उरलेलं वर्ष सगळ्याजणी एकत्र खेळत. 2022 मध्ये वरची स्पर्धा एकाच वर्षात दोनदा झाली, एकदा जानेवारीपासून आणि पुन्हा ऑगस्टपासून. तेव्हापासून ती ऑगस्टच्या सुमाराला सुरू होऊन नोव्हेंबरच्या अखेरीला संपते. आमची मात्र जुलैत संपते. दोन्ही हंगाम एकमेकांना पाठ करून उभे आहेत.

याचा परिणाम बघा. एएफएलडब्ल्यूच्या एका क्लबच्या यादीत साधारण तीस जणी असतात. सामन्यात एकवीस खेळतात. उरलेल्यांतल्या काही जखमी असतात, पण ज्या धडधाकट आहेत त्यांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर खेळायचं कुठे? राज्य स्पर्धा तर संपलेली. कधीमधी क्लब आपापसात सरावाचे सामने ठेवतात, तेवढेच. पुरुषांचं असं नाही. तिथे व्हीएफएल, म्हणजे पुरुषांची राज्य स्पर्धा, हिवाळाभर वरच्या स्पर्धेच्या बरोबरीने चालते. गुरुवारी वरच्या संघातून वगळलेला मुलगा शनिवारी खाली खेळतो, चांगला खेळला की पुन्हा वर जातो. बायकांमध्ये वगळलेली मुलगी जिममध्ये जाते.

आणि खालून वर जाणाऱ्यांचं काय? आमचा शेवटचा सामना जुलैत. ड्राफ्ट, म्हणजे एएफएलडब्ल्यू क्लब आळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात तो कार्यक्रम, अलीकडे डिसेंबरमध्ये होतो. म्हणजे मुलीने जूनमध्ये काय केलं ते निवडणाऱ्यांनी डिसेंबरपर्यंत लक्षात ठेवायचं. वरच्या कोणाला दुखापत झाली तर बदली म्हणून तिला बोलावणं येऊ शकतं, म्हणून तिने स्वतःच्या खर्चाने तयारीत राहायचं, सामना मात्र एकही नाही. याच कारणाने वरच्या मुलींना सामन्याचा सराव हवा असला की तो आमच्या हंगामातूनच काढून घ्यावा लागतो. ज्यांच्या जागा जातात त्या मुलींचा यात दोष नाही आणि ज्या जागा घेतात त्यांचाही नाही.

खालच्या पायरीला गृहीत धरायची सवय जुनी आहे. 1981 पासून व्हिक्टोरियात बायकांची स्वतःची लीग होती, बायकांनीच चालवलेली. 2016 मध्ये तिच्या जागी व्हीएफएलडब्ल्यू आली. पहिली दोन्ही विजेतेपदं डेरबिन फाल्कन्सने जिंकली. एएफएलडब्ल्यूत मोठं नाव झालेली डेझी पियर्स याच क्लबमधून आली. मग 2018 च्या फेररचनेत डायमंड क्रीक, ईस्टर्न डेव्हिल्स, क्रॅनबोर्न, सेंट किल्डा शार्क्ससारख्या क्लबना बाहेर जावं लागलं आणि मोठ्या नावांचे संघ आत आले. रिचमंडने संघ उतरवला आणि दोन हंगामांनंतर काढून घेतला. डार्विनहून येणारा एनटी थंडरचा संघही दोनच हंगाम टिकला. 2021 मध्ये कॉलिंगवूड आणि जिलाँग अंतिम सामन्यापर्यंत पोचले, पण कोविडमुळे सामना झाला नाही आणि विजेतेपद कोणालाच मिळालं नाही. साथीला कोणी काही करू शकत नव्हतं. बाकीचं मात्र माणसांनी ठरवलेलं आहे आणि माणसांना बदलता येतं.

हे पत्र लिहिते आहे म्हटल्यावर दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, कशाला? लेकीचं नुकसान होईल.’ आपल्याकडचे लोक हे जरा जास्तच सांगतात. परक्या देशात आलोय, खाली मान घालून राहावं, असं. त्यांना मी एक जुनं प्रकरण सांगते. बारा वर्षांवरच्या मुलींनी मुलांच्या संघात खेळायचं नाही असा इथे नियम होता. तीन मुलींनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि 2004 मध्ये व्हिक्टोरियाच्या न्यायाधिकरणाने निकाल दिला. त्या पूर्ण जिंकल्या नाहीत. लहान गटाला परवानगी मिळाली, चौदाच्या पुढच्यांना बंदी कायम राहिली. पण प्रश्न उघड्यावर आला आणि त्यानंतर मुलींच्या स्वतंत्र स्पर्धा उभ्या राहिल्या. त्या तिघींपैकी पेनी क्युला-रीड पुढे कॉलिंगवूडकडून एएफएलडब्ल्यू खेळली. तिचं नुकसान झालं असं दिसत नाही. तरीही मी तुमच्याकडून हे लेखी मागते आहे की या पत्रामुळे माझ्या किंवा कोणाच्याही मुलीच्या निवडीवर परिणाम होणार नाही. निवड खेळावर व्हावी. माझ्या लेकीला खेळ पुरेसा नसेल तर जरूर वगळा, मी दुसऱ्या दिवशी जर्सी धुवायला हजर असेन.

आमच्या मागण्या अशा. ‘आमच्या’ म्हणते आहे, कारण पालक आणि खेळाडू मिळून त्या ठरवल्या आहेत.

वरच्या यादीतल्या आणि टॅलेंट लीगमधल्या जास्तीत जास्त किती जणी एका सामन्यात आमच्या संघात उतरू शकतात, तो आकडा हंगामाच्या आधी जाहीर करा आणि पाळा. अंतिम फेऱ्यांत खेळण्यासाठी आमच्या संघाकडून किती सामने खेळलेले असावेत तेही आधीच ठरवा. हा नियम वरून आलेल्यांनाही लागू असावा.

मुख्य यादीतून नाव काढायचं असेल तर प्रशिक्षकाने त्या मुलीला समोर बसवून कारण सांगावं. ॲपवरची सूचना त्यानंतर. आणि गेल्या आठवड्यात ज्यांची नावं काढली त्यांच्याशी हे बोलणं याच आठवड्यात व्हावं.

राखीव खेळाडूंपैकी ज्या लागणार नाहीत त्यांना शुक्रवारी दुपारपर्यंत मोकळं करा, म्हणजे त्या स्थानिक क्लबकडून खेळू शकतील. सगळा हंगाम इमर्जन्सी म्हणून बसलेल्या मुलींना अंतिम फेऱ्यांच्या अटीत सूट मिळावी यासाठी स्थानिक लीगशी क्लबने बोलावं. आम्ही पालकांनी बोलून पाहिलं. ते म्हणतात, क्लबचं पत्र आणा.

सामन्याची वेळ किंवा मैदान बदलायचं तर किमान चार आठवडे आधी कळवा. वादळ, वीज, पाण्याने भरलेलं मैदान हे अपवाद आम्हाला समजतात. प्रक्षेपणाची सोय हा अपवाद नाही. बदल टळणारच नसेल तर लांबच्या मैदानावर सकाळी अकराच्या आधी सामना ठेवू नका.

मैदानावर जखमी झालेल्या खेळाडूच्या उपचाराचा कोणता खर्च विम्यातून मिळतो आणि कोणता नाही, त्याचा साधा कागद प्रत्येक मुलीच्या हातात द्या.

वेळापत्रक आखणाऱ्यांकडे मागणी एकच. व्हीएफएलडब्ल्यू आणि एएफएलडब्ल्यूचे हंगाम निदान काही आठवडे बरोबरीने चालतील अशी आखणी करा. दोन्ही पूर्ण जुळवणं एका वर्षात होणार नाही, मैदानं आणि पंच कुठून आणायचे हा प्रश्न खरा आहे, हे आम्हाला कळतं. पण ते कधी आणि कोणत्या टप्प्यांनी करणार याचा आराखडा पुढच्या हंगामाच्या नोंदणीआधी लोकांसमोर ठेवा. नोंदणीचे पैसे भरताना आपण कशासाठी भरतोय ते मुलींना कळायला हवं.

पालक आणि खेळाडूंची बैठक बोलवा, असं दोनदा लेखी कळवूनही उत्तर आलेलं नाही. आता ती या महिन्याच्या आत क्लबच्याच सभागृहात व्हावी, तिला प्रशिक्षकाबरोबर संचालक मंडळातलं कोणीतरी हजर असावं आणि तिथे जे ठरेल ते लिहून सगळ्यांना मिळावं. बैठकीची तारीख ठरली की कळवा. खुर्च्या मांडायला आणि चहाला आम्ही आहोत.

आपली,
संघातल्या एका खेळाडूची आई
मेलबर्न, व्हिक्टोरिया